शिकवलेली पोरंच शेजारी मांडव टाकतात तेव्हा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. नागपूरच्या महाल भागात, चितार ओळीत, म्हणजे आम्हा मूर्तिकारांच्या गल्लीत मूर्ती बघायला आलेली माणसं, सोयरे, जुनी गिऱ्हाइकं, सगळे फिरून फिरून हेच विचारतात: "भाऊ, तुमच्याच हाताखाली शिकलेल्या पोरांनी चार घरं सोडून दुकान लावलं. राग नाही येत?"

राग येत नाही. वाईट मात्र वाटतं, आणि दरवर्षी वाटतं. पण लोक समजतात त्या गोष्टीचं नाही.

"सगळं शिकवायचं नसतं, एक किल्ली आपल्याजवळ ठेवायची," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. आमच्या कामात अशी किल्ली ठेवता येत नाही. बांबूचा सांगाडा उभा करायचा, त्यावर तणस, म्हणजे भाताचं काड, सुतळीनं करकचून बांधायचं, मग मातीचा पहिला थर. तो सुकताना भेगा पडतातच. त्यात पातळ मातीत बुडवलेलं फडकं बसवून वरून दुसरा थर द्यायचा. तणस सैल राहिलं तर माती आत दबते आणि नेमकी पोटाला भेग जाते, तीही रंग चढल्यावर. पोळा झाला की चौथ्या दिवशी गणपती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे मारबतीच्या दिवशी, १८८१ पासून मिरवणुकीनं निघणारा काळ्या मारबतीचा पुतळा बघायला सगळा महाल रस्त्यावर असतो, तेव्हा आम्ही मांडवात ओल्या मूर्तींना हॅलोजनची ऊब देत बसलेलो असतो. बाहेर पाऊस. अशा वेळी अर्धवट शिकलेला पोरगा माझ्या काय कामाचा? त्याला सगळं शिकवलं तरच माझी मूर्ती वेळेवर मंडळात पोहोचते.

आणि सगळं शिकलेला माणूस जन्मभर माझ्याकडे हंगामाच्या मजुरीवर राहावा, ही अपेक्षा मला बरोबर वाटत नाही. त्याचं लग्न होतं, लेकरं होतात, घरभाडं वाढतं. तो आपला मांडव टाकणारच.

मग वाईट कशाचं वाटतं? माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचं एक मंडळ एका वर्षी माझ्या शिष्याकडे गेलं. कार्यकर्ते मला सांगायलाही आले नाहीत. मी त्यांच्या मूर्तीचा सांगाडा मनात धरून बसलो होतो, बांबू वेगळे काढून ठेवले होते. शिष्यानं दर कमी सांगितला होता एवढंच. ते दुखलं. दुसऱ्या दिवशी त्याच बांबूंवर दुसरी मूर्ती बांधायला घेतली, कारण हंगाम कोणासाठी थांबत नाही. खरं सांगायचं तर मला त्या कामानंच सावरलं, कोणाच्या समजुतीनं नाही.

दराच्या शर्यतीत मी उतरलो नाही. दर पाडला की आधी सुकवण्याचे दिवस कापले जातात, मग मातीत कालवायचा कापूस कमी होतो, आणि मूर्ती ट्रकवर चढवताना हात निखळतो. त्यापेक्षा काय सोडायचं ते ठरवलं. आपल्या नागपुरात मूर्तिकाराला एक गणपतीच नसतो. जन्माष्टमीचा कान्होबा, पितृपक्षातला हडपक्या गणपती, भुलाबाई, नवरात्रात दुर्गा आणि शारदा, दिवाळीला लक्ष्मी. मी घरगुती लहान गणपती जवळजवळ सोडून दिले. त्यात माझी पोरं चपळ आहेत, त्यांचा हात पटपट चालतो. माझ्याकडे कोणी लहान मूर्ती मागायला आलं की मी त्यांच्याकडेच पाठवतो, नाव घेऊन पाठवतो. मोठ्या दुर्गेचं काम त्यांना झेपलं नाही की तेही माझ्याकडे पाठवतात. सगळे नाही, पण बरेच. बांबू आणि तणसही आता आम्ही मिळून आणतो, गाडीभाडं वाटून घेतो.

एका गोष्टीत मात्र मी ऐकत नाही, ती म्हणजे साचा. माझ्या मांडवात घडलेली मूर्ती बघून पोरगा तशीच सोंडेचं वळण काढायला लागला, बोटं तशीच वळवायला लागला, तर त्यात त्याची चोरी कसली? माझा हातही माझ्या वडिलांच्या हातासारखाच चालतो. पण माझ्या मूर्तीवर रबराचा साचा ओतून त्यातून पीओपीचे ढीगभर गणपती काढायचे, हे मला मान्य नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदाही शिल्पाला संरक्षण देतो, शैलीला देत नाही. हा फरक मला पटतो. कोर्टात मी गेलो नाही, पण पोरगं कामाला येतं त्या पहिल्या दिवशीच हे तोंडावर सांगतो: हात घेऊन जा, साचा न्यायचा नाही. आणि पीओपी का नको, तेही सांगतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या नियमावलीत त्याला मनाई होती हे एक कारण झालं. दुसरं माझं स्वतःचं: साच्यातून मूर्ती काढणाऱ्याचा हात घडत नाही.

दोन वर्षांमागे चतुर्थीच्या आदल्या रात्री एका जुन्या शिष्याचा फोन आला. "भाऊ, हात तडकून राहिला. काय करू?" मी गेलो. अंग निम्मं सुकल्यावर त्यानं ताज्या मातीचा हात जोडला होता. ओली माती आकसली आणि मनगटाशी तडा गेला. जुनी माती ओल्या फडक्यानं दोन तास भिजत ठेवली, मग जोड उकरून पुन्हा बांधला. बसल्या बसल्या मी त्याच्या मूर्तीचे पाय बघत होतो. मांडी घातलेल्या पायाखाली त्यानं तणसाऐवजी सुतळीची चुंबळ बसवली होती, त्यामुळे पाऊल दबलं नव्हतं. हे मी शिकवलेलं नव्हतं. मी विचारलं, त्यानं लगेच दाखवलं. पुढच्या दुर्गेला मी तसंच केलं. चांगली मूर्ती कोणाच्याही मांडवातून निघो, मला तिचा आनंद होतो, आणि हे मी मोठेपणासाठी बोलत नाही.

एक जण मात्र आहे, ज्यानं साचा नेला. माझ्याकडे सर्वांत जास्त वर्षं राहिलेला, माझ्या ताटात जेवलेला. आमचं बोलणं बंद आहे. तो समोरून आला की मान खाली घालतो. त्याच्याबद्दल विचाराल तर माझ्याकडे शहाणपणाचं उत्तर नाही. त्यानं तो साचा फोडून मातीत हात घातला, तर माझ्या मांडवात त्याला जागा आहे. तोवर नाही.