पॅरिसने स्कूटर घालवली, सायकल ठेवली

पॅरिसमध्ये आता भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर मिळत नाही. ती उभं राहून चालवायची, दोन छोट्या चाकांची. २०१८ मध्ये ती इथे आली. २ एप्रिल २०२३ ला महापालिकेने मतदान घेतलं आणि ऑगस्टअखेर सगळ्या स्कूटर उचलल्या गेल्या. ८९ टक्के मतं विरोधात पडली, पण मतदानाला आले जेमतेम साडेसात टक्के मतदार! आम्हा भारतीय नागरिकांना तर मतच नव्हतं. इतक्या थोड्या लोकांनी शहराचं एक वाहन बंद करावं, हे मला अजून पटत नाही.

राग मात्र खरा होता. सुरुवातीला स्कूटर कुठेही सोडता यायची. फुटपाथवर आडव्या पडलेल्या स्कूटरमधून पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याने वाट कशी काढायची? पुढे पार्किंगच्या जागा आखल्या, बऱ्याच भागांत वेग ताशी १० किलोमीटरवर आणला. तरी एका स्कूटरवर दोघं दिसायचेच. २०२१ मध्ये सीन नदीच्या काठी चालणाऱ्या एका तरुणीचा अशाच, दोघी स्वार असलेल्या स्कूटरच्या धडकेने जीव गेला. आणि प्रदूषण कमी होईल म्हणावं, तर बरेच जण गाडी नव्हे, चालणं किंवा मेट्रो सोडून स्कूटर घेत होते.

वेलिब या सार्वजनिक सायकली मात्र २००७ पासून टिकून आहेत. हिरवी साधी, निळी इलेक्ट्रिक. ती स्टँडला नीट लावली नाही तर भाडं चालूच राहतं, त्यामुळे फुटपाथ मोकळा राहतो. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. रात्री मेट्रो बंद झाल्यावर घरी पोहोचवणारी हीच, आणि ती सोय मला फार मोलाची वाटते.

त्रासही आहेत. माँमार्त्रच्या टेकडीवरचे स्टँड रिकामे पडतात, कारण उताराला सगळेच सायकल घेतात, चढावर आणायला कोणी तयार नसतं. निळ्या सायकलींनी हे थोडं सुसह्य केलं, पण त्याच आधी संपतात. कधी उलटं होतं: पोहोचावं तर स्टँड भरलेला, मग जागा शोधत पुढच्या चौकात जायचं.

इथे आलात तर सीट मागे फिरवलेली सायकल घेऊ नका. ती बिघडलेली आहे, हे आधीच्या माणसाने पुढच्यासाठी सांगून ठेवलेलं असतं. बाकीच्यांचेही ब्रेक, चेन आणि टायरमधली हवा बघूनच कुलूप उघडा.