सोमवारचा डेव्हिड

जानेवारीतल्या मीटिंगला सरांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "डेव्हिड बघायला मिळेल ना?" म्हणजे फ्लॉरेन्समधला, मायकेलअँजेलोने घडवलेला पुतळा. आणि मी म्हणालो होतो, "मिळेल की." मे महिन्यापासून तेच डोक्यात फिरतंय.

मी युरोपच्या ग्रुप टूर्स करतो, टूर मॅनेजर म्हणून. लोकांना वाटतं मजा आहे बुवा, फुकट युरोप. खरं काम म्हणजे दिवसभर मोजत बसणं. माणसं मोजा, बॅगा मोजा, टॉयलेटसाठी सुटे युरो मोजा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ड्रायव्हरचे तास मोजा. साडेचार तास चालवलं की पंचेचाळीस मिनिटं ब्रेक, रात्री अकरा तास विश्रांती, आणि हे सगळं बसमधल्या टॅकोग्राफवर नोंदलं जातं, त्यामुळे "दादा जरा अ‍ॅडजस्ट करा" हे वाक्य तिकडे चालत नाही. रात्री एक तास उशीर झाला तर सकाळी निघायलाही तेवढाच उशीर, की दुसऱ्या दिवशीचं सगळं गडगडलं.

तर पुस्तकांचं. माझा हा जुना नाद आहे. बुकिंग झालेल्या लोकांची आम्ही मीटिंग घेतो, त्यात व्हिसा, थर्मल, खाकरे असं सगळं सांगून झालं की मी शेवटची पाच मिनिटं मागून घेतो आणि सांगतो, जाण्याआधी एखादी ऐतिहासिक कादंबरी वाचा. ऑफिसात याला "ह्याचं कीर्तन" म्हणतात. पण मी निवडतो विचार करून. पहिली कसोटी, कादंबरीतल्या गल्ल्या आजही चालता आल्या पाहिजेत. दुसरी, राजा-राणीपेक्षा कुणाचं तरी काम त्यात असावं, दगडाचं, रंगाचं, कारकुनीचं, कारण राजवाडे सगळे सारखेच दिसतात, लोक तिसऱ्या राजवाड्यात जांभया देतात. पॅरिसला मी ह्यूगोचं नोत्र दामवालं सांगतो. १८३१ ची कादंबरी, गोष्ट १४८२ मधली, आणि ती लिहिली तेव्हा ते चर्च इतकं मोडकळीला आलेलं होतं की पुस्तक गाजल्यावर लोकांचं लक्ष तिकडे गेलं आणि १८४० च्या दशकात डागडुजी सुरू झाली. २०१९ च्या आगीत जो उंच सुळका कोसळला तो त्याच डागडुजीतला, म्हणजे एका अर्थी कादंबरीमुळेच उभा राहिलेला. लंडनला 'वुल्फ हॉल', कारण त्यात एका लोहाराचा पोरगा दरबार चालवतो. रोमला 'आय, क्लॉडियस'. स्वित्झर्लंडला काय वाचू असं विचारतात तेव्हा मी सांगतो स्वेटर घ्या. फ्लॉरेन्सला बहुतेकांनी डॅन ब्राउन आधीच वाचलेलं असतं आणि ते दांतेचा मुखवटा कुठाय विचारत फिरतात, माझी हरकत नाही, पण ते एका दिवसाचं पळापळीचं पुस्तक आहे, त्यात शहर पळतानाच दिसतं.

फ्लॉरेन्सला माझं ठरलेलं उत्तर, आयर्व्हिंग स्टोनचं मायकेलअँजेलोवरचं 'द अ‍ॅगनी अँड द एक्स्टसी', १९६१ चं. व्हॅन गॉगवरचं 'लस्ट फॉर लाइफ' आपल्याकडे बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं, त्याच लेखकाचं म्हटलं की डोळे चमकतात. सातशेच्या वर पानं आहेत म्हटलं की विझतात. शंभरात दोघं वाचतात.

सर त्या दोघांपैकी एक निघाले. कराडकडचे, हायस्कूलमधून रिटायर झालेले ड्रॉइंगचे शिक्षक. वडील पाथरवट, जाती, पाटे-वरवंटे, उखळं घडवायचे, सरांनी स्वतः पोरवयात टाकी-हातोडा चालवलेला. इंग्रजी बेताचं, तरी जानेवारी ते मे पेन्सिल आणि डिक्शनरी घेऊन त्यांनी अख्खं पुस्तक वाचलं, आणि रोज रात्री जेवढं वाचलं तेवढं काकूंना मराठीत सांगायचे. हे मला झुरिक एअरपोर्टवर काकूंनीच सांगितलं. म्हणाल्या, "आमच्या घरात चार महिने मायकेलचीच कीर्तनं. त्याच्या बापावर तर माझा फार राग आहे."

वाटेत बसमध्ये सर माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसायचे. फ्लॉरेन्सजवळच्या सेतिन्यानो गावच्या दगडफोड्यांबद्दल बोलायचे, मायकेलअँजेलोची दाई तिथल्या दगडफोड्याची बायको होती आणि तो म्हणायचा, छिन्नी-हातोडा मी तिच्या दुधातूनच प्यायलो. डेव्हिडच्या दगडाबद्दल तर किती वेळा. तो संगमरवर आधी एकाने उकरायला घेतलेला, मग दुसऱ्याने, दोघांनीही सोडून दिलेला, आणि जवळजवळ चाळीस वर्षं तो चर्चच्या आवारात ऊनपावसात पडून. १५०१ मध्ये मायकेलअँजेलोने घेतला तेव्हा वय सव्वीस. सर म्हणाले, "दुसऱ्यानं नासवलेला दगड घ्यायचा म्हणजे काय असतं माहितीये का? आमचे वडील फुकट दिला तरी घ्यायचे नाहीत. आतली भेग वरून दिसत नाही, टाकी पडल्यावर कळते." मी हं हं करत होतो, खरं तर व्हेनिसच्या बोटीची वेळ डोक्यात होती.

आता इथे माझी चूक. आमच्या त्या सिरीजमध्ये फ्लॉरेन्स कायम सोमवारी येतं. टूर सुटायचा वार ठरलेला, हॉटेलं ठरलेली, त्यामुळे सोमवार म्हणजे सोमवार. आणि खरा डेव्हिड ज्या अकादेमिया गॅलरीत आहे ती सोमवारी बंद असते. आयटिनररीत छापलंय "मायकेलअँजेलोचा डेव्हिड पाहा". ते खोटं नाही असं ऑफिसचं म्हणणं, कारण सिन्योरिया चौकात डेव्हिड उभा आहेच की! आहे. १९१० मध्ये बसवलेली कॉपी. मूळ पुतळा ऊनपावसाने खराब होतो म्हणून १८७३ मध्येच आत नेला. मला हे सगळं माहीत होतं, जानेवारीतसुद्धा. पण मीटिंगमध्ये पन्नास लोकांसमोर, बाजूला सेल्सवाला बसलेला, कुणी उत्साहाने विचारलं तर तोंडातून "मिळेल की"च येतं. सवयच लागते ती.

तर तो सोमवार. सकाळी पिसा, मनोऱ्याला टेकू देतानाचे फोटो सगळ्यांचे काढून झाले, दीडला फ्लॉरेन्स. बस शहरात आणायची तर आधी पास काढावा लागतो, आणि नदीकाठी उतरवून लगेच निघून जायचं, तिथे थांबता येत नाही, म्हणून परत बोलावायची वेळ मिनिटावर पाळावी लागते. इटलीत लायसनवाला लोकल गाइडच बोलू शकतो, मी तोंड उघडलं तर दंड, म्हणून मी मागे राहून मोजायचं काम करतो. आमची त्या दिवशीची गाइड बाई हुशार होती पण घाईत, चौकात आल्यावर हेडसेटवर "धिस इज अ कॉपी" म्हणाली आणि पुढच्याच वाक्यात कारंज्याकडे वळली. लोकांनी ऐकलं, फोटो काढले, दोन पोरं त्या विशिष्ट अवयवावरून खिदळली, एका काकांनी "आज जेवायला पनीर आहे का" विचारलं. एवढाच डेव्हिड.

सरांनी हेडसेट काढून गळ्यात टाकला होता. मान वर करून उभे, एकदा डावीकडून, मग मागे जाऊन, मग परत डावीकडून. मी बाजूला गेलो. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्याच्या डाव्या हाताला सांधा कुठाय?"

मला कळेना. म्हणाले, "१५२७ च्या दंगलीत वरून बाक फेकलं लोकांनी, डावा हात तुटला, तीन तुकडे झाले, नंतर जोडला. जोडलेला दगड लपत नाही. मी मघापासून शोधतोय. हा हात कधी तुटलेलाच नाही." आणि मग माझ्याकडे बघून, "हा तो नव्हे."

सोळा वर्षं ह्या धंद्यात आहे, इतक्या लोकांना त्या पुतळ्यासमोर उभं केलंय, पण कॉपी आहे हे गाइडने न सांगता कुणाला कळलेलं मी पाहिलं नव्हतं. मी सांगितलं, खरा आत आहे, आज बंद, सोमवार. ते म्हणाले, "मग तुम्ही तेव्हा..." आणि वाक्य तिथेच सोडलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्या गेस्टचं काय करायचं ते मला येतं.

सव्वातीन ते साडेचार फ्री टाइम. साडेचारला सगळे सांता क्रोचेच्या चौकात जमायचं. जमले, मोजले, एक कमी. सरांचा फोन बंद, ते इंटरनॅशनल पॅक फक्त काकूंच्या फोनवर होतं. पावणेपाच झाले. ड्रायव्हरचा फोन, मी निघालोय, पोचतोय. ग्रुपमध्ये कुजबुज, मग कुजबुज राहिली नाही, "एका माणसासाठी पन्नास जणांनी का थांबायचं", "पुढचा पॉइंट कट होणार का", आणि एक बाई तर म्हणाली, "शिक्षक असून शिस्त नाही." मी दिवसभर ज्या लोकांच्या हरवलेल्या टोप्या शोधत फिरलो तेच हे लोक.

मला वाटलं सर चर्चमध्ये असतील, मायकेलअँजेलोची कबर तिथेच आहे, आमचे जमायचे ठिकाण त्याच्याच दारात. १५६४ मध्ये रोममध्ये वारला, तर पुतण्याने प्रेत मालाच्या गाठोड्यात बांधून चोरून फ्लॉरेन्सला आणलं, हा प्रकार सरांनीच मला बसमध्ये सांगितला होता. धावत तिकीट काढून आत गेलो, कबरीपाशी कोणी नाही. बाहेर आलो तर काकू चौकाच्या कडेला एकट्या उभ्या, मान तिरकी करून. म्हणाल्या, "ऐकू येतंय का?"

मला स्कूटरशिवाय काही ऐकू येत नव्हतं. त्या सरळ एका गल्लीत शिरल्या, मग उजवीकडे, मी मागे. आणि मग आलं ऐकू. ठण ठण ठण, थोडं थांबून परत ठण ठण. चर्चच्या मागच्या बाजूला रस्त्याचं काम चाललं होतं. करड्या दगडाच्या मोठ्या फरश्या उकरून परत बसवत होते, आणि एक पन्नाशीचा माणूस गुडघ्यावर बसून एका फरशीला छिन्नीने तिरक्या बारीक खाचा पाडत होता, पाय घसरू नये म्हणून. आपल्याकडे पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावून घेतात, तंतोतंत तेच. आणि त्याच्यासमोर आमचे सर, ढोपरं धुळीने पांढरी, हातात त्याची दुसरी छिन्नी, फरशीच्या दुसऱ्या टोकाकडून खाचा पाडत येत होते. तो इटालियनमध्ये बोलत होता, सर मराठीत. "अरे कोन जास्त धरतोयस, मनगट मोकळं सोड." आणि तो माणूस खरंच मनगट मोकळं सोडत होता की मला तसं वाटलं, देव जाणे.

मी घड्याळ पाहिलं, पाच वाजून दहा. काकू म्हणाल्या, "दोन मिनिटं थांबा, ओळ पुरी होऊ दे त्यांची."

थांबलो. हेच ते. मी थांबलो, तेही दोन नाही, सात मिनिटं. ओळ पुरी झाल्यावर सरांनी तळहात फिरवला फरशीवरून, छिन्नी परत दिली, त्या माणसाने त्यांच्या खांद्यावर थाप मारली, आणि आम्ही निघालो. वाटेत म्हणाले, गॅलरीच्या दारापर्यंत जाऊन आलो, बंद होतं, येताना हा आवाज आला.

पुढचं सांगायचं तर बसवाला तोवर पोलिसांनी हुसकावल्यामुळे एक चक्कर मारून आला, त्यात अजून वीस मिनिटं. पियाझाले मायकेलअँजेलो, म्हणजे टेकडीवरचा चौक, तिथला अर्ध्या तासाचा फोटो स्टॉप दहा मिनिटांचा झाला. तिथे मधोमध डेव्हिडची अजून एक कॉपी आहे, ब्राँझची, हिरवी पडलेली. सर बसमधून उतरले नाहीत. म्हणजे आमच्या ग्रुपने त्या दिवशी दोन डेव्हिड पाहिले, दोन्ही नकली, आणि फीडबॅक फॉर्मवर अकरा जणांनी लिहिलं की टूर मॅनेजरचं ग्रुपवर कंट्रोल नाही. ऑफिसने ते मेलमध्ये पिवळ्या रंगाने हायलाइट करून पाठवलं. गॅलरी बंद म्हणून चौकातल्या कॉपीसमोर लोकांना नेतो त्याबद्दल अकराच्या अकरा जणांनी चकार शब्द लिहिला नव्हता.

सहकारी म्हणतात, दुसऱ्या दिवशी रोमला सिस्टीन चॅपल दाखवलंस की, तोच मायकेलअँजेलो, हिशेब फिटला. फिटला का? सेंट पीटर्स चर्चमधल्या त्याच्या पिएताला, म्हणजे येशूचं प्रेत मांडीवर घेतलेल्या मेरीच्या पुतळ्याला, १९७२ मध्ये एकाने हातोड्याने फोडलं, तेव्हापासून ती काचेआड आहे. सर तिच्यासमोर उभे राहिले, काचेतून नाक कुठे जोडलंय ते शोधत. सापडलं नाही म्हणाले, फार लांब आहे.

मला आता हे कळत नाही की पुस्तक सांगितलं हे चुकलं की "मिळेल की" म्हणालो हे. पुस्तक वाचलं नसतं तर सरही पनीरबद्दल विचारून मोकळे झाले असते, खूश असते, फॉर्मवर पाच स्टार. ऑफिसला मी मेल केला की पिसा आणि फ्लॉरेन्सचा दिवस पुढे ढकला, मंगळवारी घ्या, उत्तर आलं, "हॉटेल ब्लॉक झालेली आहेत." आणि तोंडी आलं, तू आधी ती कीर्तनं बंद कर.

त्या रात्री हॉटेलच्या लिफ्टमध्ये काकूंनी मला विचारलं, "तुम्ही पाहिलाय का हो खरा?" मी फ्लॉरेन्सला किती वेळा गेलोय त्याचा हिशेबही नाही. दर वेळी सोमवार. मी म्हणालो, "नाही काकू." त्या म्हणाल्या, "मग पुस्तक तरी वाचलंय का?" ते वाचलंय, दोनदा, एवढं तरी खरं होतं.

पुढच्या आठवड्यात नवीन ग्रुपची मीटिंग आहे. शेवटची पाच मिनिटं मी मागून ठेवलीत.