चालत उमगलेला बाह्यकोन

बहिर्वक्र, म्हणजे कुठेही आत न खचलेल्या, बहुभुजाकृतीच्या बाह्यकोनांची (एक बाजू पुढे वाढवली की ती आणि पुढची बाजू यांच्यात होणाऱ्या कोनांची) बेरीज 360 अंश असते, हे विधान माझ्या आठवीच्या वर्गाला तोंडपाठ होते. बाजू कितीही असल्या तरी ती बेरीज बदलत का नाही, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. म्हणून त्या दिवशी बाके भिंतीला लावली, खडूने जमिनीवर तीन पावले बाजूचा समभुज त्रिकोण काढला आणि एका विद्यार्थिनीला वर्ग देईल त्या सूचनांप्रमाणेच चालायला सांगितले.

"तीन पावले पुढे, मग डावीकडे साठ अंश वळ," असे सगळ्यांनी एकमुखाने सांगितले, कारण त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा. फळ्याचा मोठा कोनमापक लावून ती नेमकी तेवढीच वळली आणि खडूची रेषा सोडून बाहेर चालू लागली. मी थांबवले नाही. त्याच सूचना पुन्हा पुन्हा पाळत ती निघाल्या जागी परत आली, तेव्हा त्रिकोणाऐवजी सुसम षटकोन पूर्ण झाला होता.

मग ती त्रिकोणाच्या कोपऱ्यावर उभी राहिली, आलेल्या दिशेने हात सरळ धरला आणि पुढच्या बाजूवर येईपर्यंत तो सावकाश फिरवला. "बाई, आतला कोन नाही, हा बाहेरचा वळायचाय! एकशेवीस!" तीन वळणांनंतर तिचे तोंड पुन्हा सुरुवातीच्या दिशेला आले, म्हणजे शरीराची एक पूर्ण फेरी झाली. चौकोनाभोवतीही तेच घडले, आणि वेड्यावाकड्या पंचकोनाभोवतीही.

गणितज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ सेमूर पेपर्ट यांनी 1967 मध्ये सहकाऱ्यांसह 'लोगो' ही संगणकभाषा घडवली. तिच्यात 'पुढे जा', 'वळ' अशा सूचना पाळत रेषा काढणारे एक 'कासव' असते; त्याच्याकडून आकृती काढून घेताना मुलांनी स्वतः कासव होऊन चालून पाहावे, असा त्यांचा आग्रह असे. तो किती रास्त होता, हे मला त्या तासाला दिसले. दोन तासिकांच्या मधल्या वेळेत हातपाय मोकळे करून घेणे चांगलेच, पण त्याने भूमिती कळत नाही; इथे वळणे हाच कोन होता. ज्याला चालणे शक्य नव्हते त्याने वहीतल्या आकृतीच्या बाजूंवरून पेन्सिल सरकवत आणि कोपऱ्यांवर वळवत तीच फेरी पाहिली.

तास संपता संपता एकाने पाच टोकांचा, रेषा एकमेकींना छेदणारा तारा चालून दाखवला. प्रत्येक टोकाशी 144 अंश, एकूण 720, म्हणजे फेऱ्या दोन! त्यावरून वाद रंगला आणि आत खचलेल्या आकृतीभोवती चालताना उजवीकडचे वळण वजा धरायचे का, हे पुढच्या तासाला चालूनच तपासायचे ठरले.