गुल काढलेल्या काड्या

सायकलच्या चाकात हवा भरतात त्या तोंडाशी पूर्वी एक बारीक रबरी नळी असे. वॉलट्यूब म्हणून ती कोणत्याही सायकलच्या दुकानात चार-आठ आण्यांना मिळे आणि भरलेली हवा परत बाहेर येऊ न देणे एवढेच तिचे काम असे. काडेपेटीतली काडी या नळीत घट्ट बसते, हे कित्येकांच्या हातून सहज चाळा करताना घडून गेले असेल. अरविंद गुप्ता यांना मात्र त्या घट्ट बसण्यात एक सांधा दिसला.

गुप्ता मूळचे बरेलीचे. कानपूरच्या आयआयटीतून १९७५ साली इंजिनिअर होऊन ते पुण्याला टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरीला लागले. १९७८ साली तिथून रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेले. खेड्यातल्या मुलांनी विज्ञान पाठ करण्याऐवजी स्वतः करून पाहावे, यासाठी तिथल्या सोळा शाळांत १९७२ पासून एक प्रयोग चालू होता. प्रयोगशाळेचे सामान आणायला पैसे नसल्यामुळे आठवड्याचा बाजार हीच तिथली प्रयोगशाळा ठरली आणि त्या बाजारातूनच काड्या आणि वॉलट्यूब यांची जोडी जमली.

हे खेळणे इतके साधे आहे की त्याचे वर्णन करताना काही तरी सांगायचे राहून गेले असे वाटत राहते. काड्यांचे गुल पात्याने खरवडून काढायचे, नळीचे साधारण बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करायचे आणि एका तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकेक काडी खोचायची. अशा तीन काड्या तीन तुकड्यांनी जोडल्या की त्रिकोण होतो, चार जोडल्या की चौकोन. चौकोन दाबला की लगेच कलतो आणि त्याचा पतंग होतो. त्रिकोण कितीही दाबला तरी आपला आकार सोडत नाही. मग नळीच्या तुकड्याला मधोमध बाभळीच्या काट्याने भोक पाडून त्यात तिसरी काडी बसवायची, की कागदावर पडून राहणारी भूमिती उठून उभी राहते. सहा काड्यांचा त्रिकोणी मनोरा ताठ उभा राहतो. बारा काड्यांचा घन मात्र, दिसायला भरभक्कम असूनही, बोटाच्या एका धक्क्याने लवंडतो. त्याला उभे करायचे तर त्याच्या चौकोनांत कर्णाच्या काड्या घालून त्रिकोण पाडावे लागतात. रेल्वेच्या पुलांच्या कैच्यांत आणि गोदामांच्या छपरांत इतके त्रिकोण का असतात, हे ज्याला बोटांनी एकदा कळले त्याला ते वेगळे पाठ करावे लागत नाही.

या प्रकाराला काडेपेटीचा मेकॅनो असेही म्हणत, आणि त्या नावामुळे मूळच्या मेकॅनोशी तुलना अटळ होते. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांच्या खेळण्याचे पेटंट घेतले, त्याचा मोठा कारखाना झाला आणि इंग्लंडमधल्या पिढ्याच्या पिढ्या त्यावर वाढल्या. कार्बनच्या साठ अणूंचा चेंडूसारखा रेणू शोधणाऱ्यांपैकी एक आणि १९९६ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी हॅरी क्रोटो यांनी तर आपल्या आत्मवृत्तात मेकॅनोचे ऋण आवर्जून नोंदवले आहे. हॉर्नबींचा प्रभाव असा नावानिशी सांगता येतो, कारण त्यांचे खेळणे खोक्यात येई आणि खोक्यावर नाव असे. वॉलट्यूबच्या तुकड्यावर कोणाचे नाव असणार? जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एखाद्या बाईंनी शिबिरात पाहून वर्गात करवून घेतलेला त्रिकोण मुलाच्या लेखी त्या बाईंचा असतो, आणि त्याने घरी जाऊन धाकट्या बहिणीला शिकवला की तिच्या लेखी तो दादाचा होतो. गुप्तांचा प्रभाव मोजणे म्हणूनच अवघड आहे, आणि माझ्या मते खेळणी करणाऱ्याला याहून मोठे यश मिळत नाही. आपल्या कल्पनेचे पेटंट न घेता ती पुस्तके, चित्रफिती आणि संकेतस्थळ यांवरून फुकट वाटून टाकणाऱ्या माणसाला तरी ते खटकू नये.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिच्या इमारतीला पु. ल. देशपांड्यांच्या स्मरणार्थ 'पुलस्त्य' हे नाव मिळाले, आणि पुलंच्या नावाच्या वास्तूत खेळणी करत बसणे यात एक औचित्य आहेच. तिथे २००३ पासून दशकभराहून अधिक काळ गुप्ता आणि त्यांचे सहकारी मुलांबरोबर कचऱ्यातून विज्ञान उभे करत होते. २०१८ साली गुप्तांना पद्मश्री मिळाली. तिथल्या खेळण्यांत मला सर्वांत आवडते ती विजेची मोटर. एक सेल, दोन सेफ्टी पिना, ट्यूब कापून केलेले रबरबँड, एक चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे, एवढ्यावर ती गरगर फिरते. तारेच्या एका टोकावरचा, वीज अडवणारा लेप सगळीकडून खरवडायचा आणि दुसऱ्या टोकावरचा थोडा मुद्दाम ठेवायचा, ही त्यातली सारी खुबी. तो राखलेला लेप प्रत्येक फेऱ्यात क्षणभर वीज तोडतो, म्हणून वेटोळे मध्येच न अडकता पुढे फिरते. सगळाच लेप नीटनेटका खरवडणाऱ्या शिस्तीच्या मुलाची मोटर नुसती थरथरते, आणि नेमके त्यालाच सर्वांत जास्त प्रश्न पडतात.

अशा खेळण्यांवर एक आक्षेप घेता येतो आणि तो खरा आहे. कचरा बदलतो. फोटोच्या रोलच्या डब्यांपासून गुप्तांनी हवेचा झकास पंप केला होता. डिजिटल कॅमेरे आले आणि ते डबे दिसेनासे झाले. नव्या सायकलींना वॉलट्यूब लागत नाही, त्यामुळे ती मागितली तर तरुण दुकानदार प्रश्नार्थक पाहतो. मग कोणी शिक्षक सलाइनची नळी चालते का ते पाहतो, कोणी काड्यांऐवजी खराट्याचे हीर घेतो, आणि हीर नळीत सैल बसला तर त्याला दोऱ्याचे दोन वेढे देतो.