मागच्या सीटखालचा गंज

आमच्या गाडीतला आवाज सगळ्यांत आधी पपांनी ऐकला. ते नेहमी मागे बसतात, डाव्या बाजूला, पाय लांब करून. गुडघे दुखत असल्यामुळे दुसऱ्या कुठल्या गाडीत त्यांना नीट बसता येत नाही. गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटावरच्या घरून फेरीबोटीने पलीकडे रायबंदरला उतरलो आणि मागचं चाक धक्क्याच्या चढावर आलं की खालून ‘कट्‌’ असा एकच आवाज यायचा. पुढे स्टेअरिंगवर मला तो कधी ऐकू आला नाही. शॉकॲब्सॉर्बर गेला असेल, पावसाळा संपला की बघू, असं म्हणत मी दोन महिने काढले. पपा म्हणत होते, “शॉक नव्हे गो, माझ्या पाठीखालून येतो.” ते बरोबर होते, आणि मी तेव्हाच ऐकायला हवं होतं.

गाडी 1996 ची मर्सिडीज ई 250 डिझेल, जिला सगळे डब्ल्यू 124 म्हणून ओळखतात. मर्सिडीजने 1995 साली पुण्यात, टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात गाड्यांची जुळणी सुरू केली ती याच मॉडेलने. पपांनी ती 2004 मध्ये पुण्याच्या एका मालकाकडून घेतली. पाच सिलिंडरचं ते इंजिन अजून सकाळी पहिल्याच फिरकीत चालू होतं. तेल, फिल्टर, ग्लो प्लग, सगळं आम्ही वेळच्या वेळी बदललं. पोटाखाली वाकून मात्र कुणी पाहिलं नाही.

तुळशीचं लग्न झाल्यावर मी गाडी मयेच्या रस्त्याने डिचोलीला आमच्या मेस्तांकडे, म्हणजे मेकॅनिककडे नेली. त्यांनी ती दोन खांबांच्या लिफ्टवर चढवली, मागचं डावं चाक काढलं आणि चाकाच्या पुढे, जॅक लावायची जागा संपते तिथे, स्क्रूड्रायव्हरची मूठ हलकेच आपटली. उजव्या बाजूला खणखणीत आवाज आला होता. इथे ओल्या पुठ्ठ्यावर मारावं तसा आला. मग टोकाने काळं अंडरकोट, म्हणजे गाडीच्या पोटाला मारलेला संरक्षक थर, उचकटलं. ते सालीसारखं सुटून आलं, आणि मागोमाग गंजाचे पदर, बेबिंका या गोव्याच्या गोड पदार्थाच्या पदरांसारखे एकावर एक, तपकिरी आणि काळे. चौथ्या की पाचव्या पदराला स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

“बाय, हांगा पळय. हें भितरल्यान कुसलां.” म्हणजे, हे आतून कुजलंय.

आता ही जागा काय आहे ते सांगते, कारण त्याशिवाय मला त्या क्षणी धडकी का भरली ते कळणार नाही. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसी नाही. बॉडीच्याच पत्र्याच्या बंद पेट्या करून चेसीचं काम भागवलेलं असतं. गॅरेजात तिलाच चेसी म्हणतात, मीही म्हणते. मागचं प्रत्येक चाक पाच वेगवेगळ्या दांड्यांनी सबफ्रेमला, म्हणजे खालच्या वेगळ्या सांगाड्याला बांधलेलं, आणि ती अख्खी सबफ्रेम, डिफरन्शियलसकट (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीसकट), चार जाड रबरी बुशांवर, म्हणजे रबरी आधारांवर, बॉडीला टांगलेली. त्या चारांपैकी पुढचा डावा बुश ज्या पेटीला धरून होता, तीच पेटी कुसली होती. चढावर जोर आला की पत्रा वाकायचा आणि बुश जागेवरून किंचित हलायचा. ‘कट्‌’ आवाज त्याचाच. त्याच्या बरोबर वर पपांची सीट.

तिथे अजून एक गोष्ट सापडली. पेटीच्या एका कडेला फायबरचं कापड डकवून वर पुट्टी ओढलेली होती आणि ते सगळं त्या काळ्या अंडरकोटखाली झाकलेलं. पाच वर्षांपूर्वी एका गॅरेजात आम्ही ‘खालून गंज काढून कोटिंग’ करून घेतलं होतं. पैसे गेले त्याचं मला एवढं वाटत नाही. पण पाच वर्षं पपा त्या पुट्टीवर विसंबून फिरले, याचा राग अजून जात नाही. पुट्टी वजन पेलत नाही. उलट मागे पाणी धरून ठेवते आणि झाकलेलं लोखंड आतल्या आत गंजत राहतं.

गंज इथेच का, याचा मी बराच विचार केला. आम्ही रोज फेरीने ये-जा करतो. भरतीला पाणी धक्क्यावर चढलेलं असतं आणि गाडी चढवताना-उतरवताना चाकं त्यातून जातात. उन्हाळ्यात मांडवीचं हे पाणी चांगलंच खारं. पावसाळ्यात नदी गोडी होते, पण तेव्हा रस्त्यावरचा लाल चिखल उडतो. तो पेटीच्या खालच्या, पाणी निथळायच्या भोकांत जाऊन बसतो आणि ती बुजतात. मग उन्हाळ्यात आत गेलेलं मीठ बाहेर पडत नाही. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे आतला पत्रा मे महिन्यातही ओलाच राहतो. त्यात पत्र्यावर पत्रा ठेवून स्पॉट वेल्ड केलेल्या (ठिपक्याठिपक्यांनी जोडलेल्या) जोडांत पाणी वातीत तेल चढावं तसं शिरतं. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, म्हणून जोड फुगून उकलतात आणि अजून पाणी आत घेतात. आमच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं.

मेस्त म्हणाले की वरून जाड प्लेट मारून देता येईल, दोन दिवसांत गाडी मिळेल, पण कुसलेल्या पत्र्याला वेल्ड धरत नाही, दोन पावसाळ्यांत पुन्हा इथेच येशील. मी म्हटलं, चांगलं लोखंड लागेपर्यंत कापा. त्यांनी जानेवारी सांगितला. पावसाळा नुकताच संपलेला, मातीत अजून ओल, आणि दमट हवेत उघड्या पत्र्यावर तासाभरात पुन्हा लाली चढते. मला ते पटलं. तोपर्यंत गाडी घरी उभी राहिली आणि पपाही घरीच राहिले.

जानेवारीत तीन आठवडे काम चाललं. सुट्टीच्या दिवशी मी तिथे जाऊन बसायचे.

सगळ्यांत आधी बॅटरी सोडवली. मग डिझेलची टाकी. या गाडीत ती मागच्या सीटच्या पाठीशी असते, म्हणजे वेल्डिंगच्या जागेच्या अगदी जवळ. “टांकी काडल्याबगर हांव उजो लावचो ना,” मेस्त म्हणाले, टाकी काढल्याशिवाय मी आग लावणार नाही. नंतर स्प्रिंग. दबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतका जोर असतो. तिला वेढ्यांत पाती घालून आवळायचं खास हत्यार लागतं, ते त्यांनी म्हापशाहून मागून आणलं. स्प्रिंग निघाली तेव्हा खालच्या आर्मवरच्या (स्प्रिंग जिच्यावर बसते त्या दांडीवरच्या) प्लास्टिकच्या झाकणात जवळजवळ शेरभर लाल माती निघाली. नशिबाने आर्मवर वरवरचाच गंज होता.

बॉडी स्टँडवर, सबफ्रेम वेगळ्या जॅकवर. कापण्याआधी मेस्तांनी उजव्या बाजूची सगळी मापं खडूने जमिनीवर उतरवली आणि डाव्या बाजूला ताडून पाहिली. बुशाच्या बोल्टाची जागा थोडी जरी सरकली तरी मागची चाकं गाडीच्या रेषेत राहत नाहीत. मग ग्राइंडर. ठिणग्या आधी लालसर, तुटक पडत होत्या. चांगल्या पत्र्याला पातं लागलं तशा त्या लांब आणि पांढऱ्या झाल्या. तिथे ते थांबले. तळहाताएवढं वाटलेलं भोक शेवटी दीड वीत लांब झालं.

नवा तुकडा कापायला नमुना हवा होता. माझ्या पर्समध्ये एका लग्नाची जाड पत्रिका होती, ती दिली. मेस्तांनी ती पेटीच्या आकारात दुमडली, कापली, पुन्हा दुमडली. गणपतीचं चित्र असलेला भाग त्यांनी आधीच कापून खिशात ठेवला होता. त्या नमुन्यावरून 16 गेजचा, म्हणजे साधारण 1.6 मि.मी. चा कोल्ड रोल्ड पत्रा कापला. मी विचारलं, जस्त चढवलेला पत्रा का नको? वेल्ड करताना जस्ताचा धूर छातीत गेला की माणूस तापाने फणफणतो, आणि वेल्डही नीट बसत नाही, असं त्यांनी सांगितलं. वेल्डिंग मिगने, म्हणजे वायूच्या आवरणात तार सोडत जाणाऱ्या यंत्राने केलं, एकेक बोटाएवढं, इकडे थोडं, तिकडे थोडं. सलग ओढलं असतं तर पत्रा तापून वाकडा झाला असता.

नंतर दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीलर, वरून अंडरकोट. सगळ्यांत शेवटी, निथळायची भोकं तारेने मोकळी करून, लांब नळीने पेटीच्या आत मेण फवारलं. दुसऱ्या दिवशी ते भोकातून थेंब थेंब गळत होतं, म्हणजे सगळीकडे पोचलं होतं. याआधीच्या गॅरेजने हे केलंच नव्हतं, आणि गंज तर आतूनच आला होता.

बुशांचे बोल्ट मेस्तांनी गाडी लिफ्टवर असताना पक्के आवळले नाहीत. चाकं लावून, गाडी जमिनीवर तिच्या वजनानिशी बसवून, मग खाली सरपटत जाऊन आवळले. चाकं लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. अलाइनमेंट धरून खर्च 46 हजार झाला.

पपांना पहिल्यांदा नेलं तेव्हा ओहोटी होती, धक्क्याचा चढ उभा. वर येईपर्यंत ते डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत होते. रस्त्याला लागल्यावर म्हणाले, “आता जरा जोरात ने.”

आता रात्री घरी आलं की मी बावीच्या (विहिरीच्या) पाण्याने मागच्या चाकांच्या कमानी आणि ती भोकं पाइपने धुते. उजव्या बाजूच्या जोडावर परवा बॅटरी मारून पाहिलं, तर एक बारीक नारिंगी रेघ दिसली. फोटो मेस्तांना पाठवला आहे. ती बाजूही येत्या जानेवारीत उघडायची ठरली आहे, पत्रा त्यांनी आधीच आणून ठेवला आहे.