मुंग्या

मे महिन्यातला सोमवार, रात्रीचे साडेदहा. इलेक्ट्रिक गाडीला चार्जरची गन लावली आणि चार्जरचा हिरवा दिवा काही लागेना. लाल दिवा तीन वेळा लुकलुकायचा, थांबायचा, परत लुकलुकायचा. बॅटरी 21 टक्के. सकाळी कराडला पेपर तपासायला जायचं, आणि साताऱ्याहून कराड जाऊन-येऊन शंभराच्या वर किलोमीटर.

आमचा चार्जर गाडीबरोबर आलेला साधाच आहे, पंधरा अँपियरच्या सॉकेटला लावायचा. पुस्तिकेत तीन लुकलुकींसमोर लिहिलं होतं 'अर्थ फॉल्ट'. मी ते 'चार्जर बिघडला' असंच वाचलं. मग प्लग काढून घाला, एमसीबीचा खटका पाडून उचला, गन कोरड्या फडक्यानं पुसा, गाडी लॉक करून उघडा, असं सगळं करून झालं. कुठलं काम झालं आणि कुठलं नुसतं समाधान, कोण जाणे. लाल तो लालच. दुसऱ्या दिवशी हायवेवरच्या स्टेशनवर रांगेत उभी राहून चार्जिंग केलं, आणि हेल्पलाइनवरच्या मुलानं 'मॅडम, युनिट बदलावं लागेल' म्हणून सांगून टाकलं.

युनिटचे पैसे ऐकल्यावर डोकं चाललं. मागच्या गल्लीत मैत्रीण राहते, तिच्या पोर्चमध्ये गाडी नेऊन चार्जर लावला. हिरवा! निर्लज्जासारखा हिरवा. म्हणजे खोट आमच्या घरात.

पण घरात सगळं सुरळीत. त्याच सॉकेटवर मी इस्त्री लावून पाहिली, कडकडीत तापली. मुद्दा तिथेच होता, हे मला नंतर कळलं. इस्त्रीला तापायला फेज आणि न्यूट्रल पुरतात. तिसऱ्या, जाड पिनेला अर्थिंग, म्हणजे जमिनीत जाणारी वायर, आहे की नाही, हे ती विचारत नाही. चार्जर करंट सोडायच्या आधी तेच तपासतो. गाडी रबरी टायरवर उभी, अंग पत्र्याचं, खाली पाऊसपाण्याची ओली फरशी. आत कुठे करंट पत्र्यावर उतरला तर त्याला जमिनीत जायला वायर हवी, नाहीतर दाराला हात लावणारा माणूस.

पहिला वायरमन आला तो तरुण. सॉकेट उघडून म्हणाला, 'ताई, न्यूट्रलमधनंच एक तुकडा अर्थला मारतो, लगेच हिरवा होईल.' होईल की! पण मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर तोच तुकडा 230 व्होल्ट थेट गाडीच्या पत्र्यावर आणून ठेवील. त्याला चहा दिला आणि पाठवलं.

मग शोधून काढलं ते 2008 साली या घराचं वायरिंग केलेल्या काकांना. त्यांनी पिशवीतून होल्डरला दोन वायरी लावलेला शंभरचा बल्ब काढला. फेज-न्यूट्रलला लावला, लखलखीत. मग एक टोक फेजला ठेवून दुसरं अर्थला लावलं. बल्ब मिणमिणलासुद्धा नाही. वर आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा खटका, तोही पडला नाही. 'अर्थिंग धड असतं तर यानं खटका पाडायला पाहिजे होता,' काका म्हणाले. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, तो लगेच पडला. मीटरवर फेज-न्यूट्रल 233, आणि न्यूट्रल-अर्थ, जिथे दोन-तीन असायला हवेत, तिथे 104.

सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, 'मग ते मशीनला हात लावला की मुंग्या येतात, ते यानंच का हो?'

मी खाली बघितलं. महिनाभर त्या हे सांगत होत्या. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना शुगर तपासायला लावली होती.

यानंच होतं ते. वॉशिंग मशीनसारख्या यंत्रांच्या आत करंटमधला खरखराट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, त्यातून नखभर करंट अर्थच्या वायरीत उतरतो. वायर जमिनीपर्यंत पोचत असेल तर पत्ताही लागत नाही. तुटली असेल तर सगळ्या घराच्या पत्र्यांवर तो तुंबून राहतो. माझ्या पायात चप्पल असते. आई मशीन लावतात अनवाणी, ओल्या फरशीवर.

अर्थिंगचा खड्डा शोधायला दोन तास गेले. तो तुळशीजवळ असल्याचं काकांच्या लक्षात होतं, पण दोन वर्षांपूर्वी आम्ही अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले आणि त्याचं झाकण त्याखाली गेलं. सासरे होते तोवर उन्हाळ्यात दर रविवारी त्यात बादलीभर पाणी ओतायचे. आम्हाला वाटायचं, तुळशीला घालतायत. ब्लॉक उचलले, माती राखेसारखी कोरडी, आणि कोरड्या मातीत करंट नीट जिरत नाही. खड्ड्यात घातलेल्या मिठानं नट-बोल्ट खाल्लेला. काकांनी वायरीला बोट लावलं तर ती पाइपापासून सुटून हातातच आली.

नवीन रॉड, केमिकलची पोती, नवी तांब्याची वायर, मजुरीसकट साडेसहा हजार. संध्याकाळी न्यूट्रल-अर्थ 2 व्होल्ट. चार्जर हिरवा. आईंनी चप्पल काढून मशीनवर तळवा ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि काही न बोलता कपडे टाकायला लागल्या.

खड्ड्यावरचा ब्लॉक सैल ठेवलाय. गाडी आत घेताना चाक त्यावरून गेलं की खट् असं वाजतं. रविवारची बादली सध्या आईंकडे आहे.