तुम्ही विचारलंत म्हणून : अजून विनॲम्प कशाला?

"काका, अजून हे कशाला ठेवलाय वो? मोबाईलवर सगळं गावतंय की!" घरी येणारं प्रत्येक पोर विचारतं. कोपऱ्यात जुना कॉम्प्युटर, त्यात विनॲम्प हा गाणी वाजवायचा जुना प्रोग्रॅम, शेजारी टेपडेक. आजवर "असू दे रे" म्हणून वेळ मारून नेली. आज नीट सांगतो.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातलं. इथला पाऊस चार महिने भिंती वाळू देत नाही, कपाटातल्या कॅसेटींना बुरशी धरते. वडिलांनी गल्लीतल्या भजनी मंडळाच्या चाळीसेक कॅसेटी भरून ठेवल्या होत्या. काकडा, सप्ता, एकादशी. तुकोबांचे अभंग आणि मध्येच एखादं कन्नड दासपद, कारण मंडळात मराठी-कानडी दोन्ही घरची माणसं. २००१ साली बेळगावातून कॉम्प्युटर जुळवून आणला तो या कॅसेटी वाचवायलाच.

अर्ध्या तासाची बाजू भरायला अर्धा तासच लागायचा. टेपडेकची वायर साऊंड कार्डात खोचायची आणि शेजारी बसून राहायचं. मिनिटाला दहा एमबी, म्हणजे एका बाजूचे तीनशे. मध्येच लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. मग एमपीथ्री केली की तीच बाजू तीसेक एमबीत मावायची.

विनॲम्प १९९७ साली जस्टिन फ्रँकेल आणि दिमित्री बोल्दिरेव्ह यांनी केला, हे मला फार उशिरा कळलं. मला ठाऊक होती ती काळपट चौकट, हिरवे आकडे, आणि कीबोर्डावरची झेड, एक्स, सी, व्ही, बी ही ओळ : मागचं, सुरू, थोडं थांब, बंद, पुढचं. आजही बोटं न बघता तिथे जातात.

पण जीव जडला तो इक्वलायझरवर, म्हणजे आवाजातला जाड-बारीक भाग वेगवेगळा कमीजास्त करायच्या सोयीवर. दहा उभ्या पट्ट्या, डावीकडे जाड आवाजाच्या ६० हर्ट्झपासून उजवीकडे बारीक आवाजाच्या १६ हजारांपर्यंत. कॅसेटची खरखर वरच्या पट्ट्यांत असते. उजवीकडच्या तीन खाली ओढल्या की खरखर बसते, पण झांजांची चमकही तिच्याबरोबर जाते. डावीकडची पहिली वर नेली की पखवाजाची धूम छातीत वाजते, फार नेली तर सगळं घुमायला लागतं. कितीतरी रात्री मी त्या पट्ट्या केसभर वर, केसभर खाली करत काढल्या. यातलं काहीच फाईलला लागत नाही. मूळ आवाज खरखरीसकट तसाच राहतो. आज खरखर सोसून झांज ऐकायची की झांज सोडून शांतता घ्यायची, हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं. मला हे फार मोलाचं वाटतं.

नावांची मात्र पंचाईत होती. विनॲम्पमध्ये गाण्याचं नाव ज्या पट्टीत सरकत जातं, तिच्यातली अक्षरं म्हणजे एक चित्र होतं, त्यात फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे. देवनागरीत नाव दिलं की प्रश्नचिन्हांची रांग. टॅग म्हणजे फाईलीतच गाण्याची माहिती लिहायची जागा, पण जुन्या टॅगमध्ये नावाला जागाही तीसच अक्षरांची. आमच्या भागात पाटीवर कुठली लिपी, यावरून काय काय झालंय ते तुम्हाला सांगायला नको. त्या पट्टीत अभंगही इंग्रजी अक्षरांत आणि दासपदही. प्रत्येक नाव मी हातानं लिहिलं. कोण गातंय, पेटीवर कोण, कुठली एकादशी. मावलं नाही ते वहीत.

२०१३ ला विनॲम्प बंद होणार असं जाहीर झालं तेव्हा पोरांनी काळजीनं विचारलं, आता काय? मग दुसऱ्या कंपनीनं तो घेतला, पण बंद झाला असता तरी माझं काही अडलं नसतं. प्लेअर माझ्या डिस्कवर, गाणी माझ्या डिस्कवर.

आणि सगळं मोबाईलवर गावत नाही रे. आमच्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले. त्यांचं गाणं जगात कुठंही मिळेल, मिळायलाच हवं. पण आमच्या गल्लीतले पखवाजवाले आबा मला या डिस्कशिवाय कुठं मिळणार? एका अभंगाआधी ते पखवाजाला कणीक लावतायत. थाप, थोडी कणीक, पुन्हा थाप. दीड मिनिट गाणं नाही, नुसतं हेच. तेवढं कापून टाक, असं मला दोघातिघांनी सुचवलं होतं. मी कापलं नाही.

परवा त्यांचा नातू पेनड्राईव्ह घेऊन आला होता. पहिल्यांदा त्यानं तेच दीड मिनिट लावायला सांगितलं.

तुमच्या घरी अशा कॅसेटी असतील तर मिरगाच्या आधी आणा. टेपडेकचा बेल्ट नवा घातलाय.